गावाने आधीच साहेब केलंय, आता परत कसं जाऊ?

पत्र थोडक्यात असं आहे. वय 29, मुलगा, सांगोला तालुक्यातलं गाव, घरी चार एकर आणि त्यात डाळिंब. मेकॅनिकल इंजिनिअरिंग झाल्यावर 2019 च्या जूनमध्ये एमपीएससी करायला पुण्यात आला, तेव्हापासून सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर, म्हणजे खोलीतली एक कॉट भाड्याने घेऊन, राहतो. राज्यसेवेची पूर्व परीक्षा दोनदा निघाली पण मेन्सला दोन्ही वेळा अडकला, पीएसआय एकदा दोन मार्कांनी गेलं. धाकटा भाऊ चाकणला कंपनीत आहे, तो दर महिन्याला आठ हजार पाठवतो. गावात सगळे 'साहेब' म्हणतात, चुलत्यांनी तर एका लग्नात माईकवरून 'भावी तहसीलदार' म्हणून नाव पुकारून सत्कार केला, आणि त्यानंतर दोन दिवाळ्या हा गावी गेलेलाच नाही. अभ्यासात मन नाही, रात्री तीन-तीनपर्यंत झोप नाही. शेवटी विचारलंय: "ताई, सोडू की अजून एक अटेम्प्ट देऊ? सोडलं तर सहा वर्षं वाया जातील, लोकांना काय तोंड दाखवू? एमपीएससी सोडली तर मी नेमका कोण उरतो तेच कळत नाही."

मित्रा,

तुझं पत्र तीनदा वाचलं. तिसऱ्या वेळी हातात पेन्सिल घेऊन वाचलं आणि 'लोक' आणि 'गाव' हे दोन शब्द जिथे जिथे आलेत तिथे खूण करत गेले, एकोणीस खुणा झाल्या. मग त्यात खरी माणसं किती ते पाहिलं तर तीन निघाली, बाबा, चुलते आणि शाळेतले गणिताचे सर. एकोणीस वेळा ज्यांची भीती वाटते ते सगळे मिळून तीन जण आहेत आणि त्यातले सर तर, तूच लिहिलंयस, रिटायर होऊन मुलाकडे राहायला गेलेत. भीती खोटी आहे असं मी म्हणत नाहीये, छोट्या गावात प्रत्येक जण प्रत्येकाला ओळखतो, एसटीतून उतरल्यापासून घरी पोचेपर्यंत पाच जण विचारतात "काय साहेब, कधी निघतोय निकाल", ते किती टोचतं हे मला ठाऊक आहे. पण 'लोकांना काय सांगू' या प्रश्नाला कधीच उत्तर मिळत नाही कारण तो कुणालाच विचारलेला नसतो. 'बाबांना काय सांगू' याला मिळू शकतं. त्यामुळे आपण आज त्या तिघांबद्दल बोलू आणि चौथ्याबद्दल, ज्याचा उल्लेख तू एका ओळीत आणि तोही कंसात केलायस. त्याच्याकडे नंतर येते.

आधी सहा वर्षं वाया गेली याबद्दल. मला वाटतं हे वाक्य तू स्वतःला इतक्या वेळा ऐकवलंयस की ते तपासायचंच राहून गेलंय. तू 2019 ला आलास, पुढची एप्रिल 2020 ची पूर्व परीक्षा कोविडमुळे पुढे ढकलली, मग अजून पुढे, मग अजून पुढे, 14 मार्च 2021 ला होणार होती ती तीन दिवस आधी परत पुढे ढकलली तेव्हा शास्त्री रोडवर हजारो पोरंपोरी रस्त्यावर बसली होती, तूही त्यात असशील, आणि शेवटी 21 मार्चला पेपर झाला. म्हणजे तुझी पहिली पावणेदोन वर्षं तू नापास झाला नव्हतास, परीक्षाच झाली नव्हती. ती वर्षं स्वतःच्या खात्यात अपयश म्हणून लिहू नकोस. नंतर 2023 च्या सुरुवातीला नव्या वर्णनात्मक (पर्याय निवडायचे नाहीत, उत्तरं लिहायची) पॅटर्नवरून आंदोलन, 2024 च्या ऑगस्टमध्ये आयबीपीएसची, म्हणजे बँक भरतीची, आणि राज्यसेवा पूर्वची तारीख एकत्र आली म्हणून परत आंदोलन आणि पूर्व परीक्षा थेट डिसेंबरला. या सगळ्यात माणूस थकतो, आणि ते थकणं आळशीपणातून आलेलं नसतं.

पण याची दुसरी बाजूही सांगायला हवी नाहीतर मी तुला गोड बोलून फसवतेय असं होईल. सहा वर्षांचा गॅप कंपन्या विचारतात. मेकॅनिकलच्या कोअर जॉबला 29 व्या वर्षी फ्रेशर म्हणून उभं राहणं अवघड जातं, तुझ्यापेक्षा सहा वर्षांनी लहान पोरं त्याच रांगेत असतात. ही किंमत तू दिलेली आहेस आणि ती परत मिळणार नाही. फक्त दिलेली किंमत वसूल व्हावी म्हणून अजून दोन वर्षं घालायची का, हा प्रश्न वेगळा आहे. तू दोन्ही एकत्र करून बसलायस म्हणून तुला सुटत नाहीये.

आता मला जे खरं बोलायचंय ते. तू विचारतोयस सोडू का. माझ्या वाचण्यानुसार तू सोडून सात-आठ महिने झालेत, कुणाला सांगितलं नाहीस इतकंच. तुझीच वाक्यं बघ. 2025 पासून मेन्स वर्णनात्मक झाली, 1750 मार्कांची लेखी, त्यात 500 मार्कांचा वैकल्पिक विषय, आणि तू लिहितोस की वैकल्पिक अजून ठरवलेलाच नाही. उत्तरलेखनाची वही आणलीय पण पहिलं पान कोरं आहे. टेस्ट सिरीजचे पैसे भरलेत, एकही टेस्ट दिलेली नाही. सकाळी आठला अभ्यासिकेत जागा पकडतोस, दहाला चहा, बाराला मेस, दुपारी त्याच टेबलावर डोकं ठेवून झोप. मी हे दोष म्हणून सांगत नाहीये रे. कॉट, मेस आणि अभ्यासिका मिळून महिन्याला दहा हजार जातात ते सध्या कशासाठी जातात एवढंच विचारतेय. मला तरी दिसतं की ते अभ्यासासाठी जात नाहीत, 'तयारी करतोय' हे तीन वर्षांपूर्वीचं उत्तर अजून देता यावं म्हणून जातात. जोवर पुण्यात खोली आहे तोवर साहेब व्हायचं बाकी आहे, खोली सोडली की व्हायचं राहिलं.

आणि या परीक्षेचा एक भाग असा आहे की ती तुला कधीच थांब म्हणणार नाही. यूपीएससी निदान खुल्या वर्गाला 32 वय आणि सहा अटेम्प्ट झाले की दार लावून घेते, कडू असतं पण संपतं. आपल्या राज्यसेवेला वय खुल्या वर्गाला 38 आणि मागासवर्गीयांना 43, अटेम्प्टची मर्यादा आणायचं 2020 च्या डिसेंबरमध्ये जाहीर झालं होतं तेही नंतर मागे घेतलं. पोरांच्या दृष्टीने ते चांगलंच झालं, माझीही तक्रार नाही. पण त्याचा परिणाम असा की शेवटची तारीख ज्याची त्याला ठरवावी लागते, आणि ती ठरवायला घरात, क्लासमध्ये, खोलीत कुणीच मदत करत नाही. क्लासवाले कशाला करतील. सत्कार समारंभात स्टेजवर बोलायला बोलावतात ते सातव्या अटेम्प्टला निघालेल्याला, तो म्हणतो हार मानू नका, आणि ते त्याच्यापुरतं खरंही असतं. सातव्या अटेम्प्टला न निघालेले किती जण त्याच हॉलमध्ये मागच्या खुर्च्यांवर बसलेत ते कुणी माईकवरून सांगत नाही. जागा काही शे आणि फॉर्म लाखात, म्हणजे चांगला अभ्यास केलेल्या बहुसंख्य मुलांचंही होणार नाही हे त्या आकड्यातच लिहिलेलं आहे. साध्या तलाठी भरतीचं बघ, 2023 ला 4,644 जागांना दहा लाखांच्या वर अर्ज होते. अशा ठिकाणी न होणं म्हणजे तुझ्यात काहीतरी कमी आहे असा अर्थ काढणं हे गणिताच्या माणसाला तरी शोभत नाही.

तिकडे ते 38 वालं दार उघडं दिसतंय म्हणून तू त्याकडेच बघत बसलायस आणि बाकीची दारं गुपचूप लागतायत. आयबीपीएसच्या पीओला, म्हणजे बँक अधिकाऱ्याच्या परीक्षेला, खुल्या वर्गात 30 पर्यंतच चालतं. तुझा वर्ग कुठला ते तू लिहिलेलं नाहीस, पण आज कागद घेऊन बस आणि कुठल्या कुठल्या परीक्षेला, कुठल्या नोकरीला आपलं वय अजून किती महिने चालतंय ते लिहून काढ. एक संध्याकाळ लागेल, पण तो कागद झाला की गोष्टी हलतात.

एक माझंही सांगते. मी सीए फायनलला होते. पाच वेळा दिली. आमच्या बाबांनी तिसऱ्या वेळी, पेपर फार चांगले गेलेत असं मी सांगितलं म्हणून, दाराला लावायची पितळी पाटी करून आणली होती, नावापुढे सीए कोरलेली. निकाल आला आणि पाटी वर्तमानपत्रात गुंडाळून माळ्यावर गेली, त्या पाटीबद्दल घरात परत कधी कुणी बोललं नाही. पाचव्या वेळेनंतर मला कळलं होतं की माझं संपलंय, तरी मी अजून दोन वर्षं फॉर्म भरत राहिले आणि पेपरला बसले नाही, सकाळी डबा घेऊन लायब्ररीत जायचे आणि कथा-कादंबऱ्या वाचायचे. त्या पाटीमुळे. शेवटी एका रविवारी बाबा दाढी करत होते तेव्हा त्यांच्या पाठीमागे उभं राहून सांगितलं की मी आता नाही देणार. त्यांनी दाढी थांबवली, आरशातून माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "मग आता काय करायचं म्हणतेस?" बस. आरडाओरडा नाही, नातेवाइकांचं नाव नाही. चार मिनिटांत आमचं बोलणं संपलं. ज्या प्रश्नाला घाबरून मी दोन वर्षं लायब्ररीत लपले तो प्रश्न इतका साधा होता, आणि त्याचं उत्तर मात्र माझ्याकडे तयार नव्हतं, त्याचंच त्यांना वाईट वाटलं. म्हणून तुला सांगते, बाबांना 'सोडतोय' हे सांगायला जाताना 'मग काय' याचं निदान अर्धं उत्तर खिशात घेऊन जा.

अर्धं उत्तर तुझ्याच पत्रात आहे, तुला दिसलं का माहीत नाही. पूर्ण चार पानं तू जडशीळ लिहिलीयस आणि मध्येच एका ठिकाणी, न विचारता, सहा ओळी लिहिल्यास की रात्री अभ्यासिका बंद व्हायच्या आधी तासभर तू ज्युनिअर पोरांना गणित आणि बुद्धिमत्ता शिकवतोस. एका मुलीला 'काळ-काम'ची गणितं कळत नव्हती तेव्हा तू ते बागेला पाणी देणाऱ्या दोन मोटारींवरून समजावलंस, आणि दुसऱ्या दिवशी तिने तेच तिच्या मैत्रिणीला समजावताना तू लांबून ऐकलंस. त्या सहा ओळीत तुझी भाषाच वेगळी आहे. तू विचारतोस मी कोण उरतो. मला पत्रात तो माणूस तिथे भेटला, 'भावी तहसीलदार' मध्ये नाही भेटला. तहसीलदारांच्या कामाबद्दल तर तू एक शब्द लिहिलेला नाहीस, फेरफाराच्या सुनावण्या, पंचनामे, निवडणुकीची कामं, दर तीन वर्षांनी बदली, यातलं तुला काय करायचं होतं ते मला कळलं नाही, गाडी आणि पाटी मात्र कळली. रागावू नकोस, पण एकदा स्वतःला विचार.

लगेच शिक्षक हो असंही मी सांगणार नाही. तासभर फुकट शिकवणं आणि त्यावर घर चालवणं यात खूप अंतर आहे, आणि क्लासेसचा धंदा पुण्यात तरी गळेकापू आहे. पण सांगोला, मंगळवेढा, पंढरपूर या पट्ट्यात पोलीस भरतीच्या अकॅडमी आहेत, पोरं पहाटे ग्राउंडवर जीव काढतात आणि 100 मार्कांच्या लेखीत गणित-बुद्धिमत्तेला मार खातात. तुझं नेमकं तेच पक्कं आहे. तीन महिने कुठेतरी शनिवार-रविवार शिकवून बघ, पैसे ठरवून घे, कमी असले तरी घे, फुकट नको, कारण पैसे घेतल्यावर हे काम आपल्याला झेपतं का ते कळतं. नाही आवडलं तर तेही कळेल.

आता भाऊ. तो तुझ्यापेक्षा चार वर्षांनी लहान, डिप्लोमा करून चाकणला लागला त्याला चार वर्षं झाली, महिना आठ हजार म्हणजे वर्षाचे 96,000, आजवर 3,84,000 रुपये. तू कंसात लिहिलंयस "(भाऊ पाठवतो, त्याची काही तक्रार नाही)". त्याला तू विचारलंस का कधी? तक्रार नाही हे त्याने सांगितलं की तू धरून चाललास? त्याला डिग्री पुढे करायची होती का, लग्नाचं काय, रूमवर किती जण राहतात, शिफ्ट कुठली, यातलं पत्रात काहीच नाही. आपण स्वतःला घडवतोय, आपली वाट शोधतोय असं म्हणताना ती वाट कुणाच्या पगारातून चाललीय हे बघायला हवं, यात तुला लाजवायचा हेतू नाही. उलट मला वाटतं तुझी झोप गावामुळे कमी आणि या कंसामुळे जास्त उडालीय. म्हणून बाबांच्या आधी त्याच्याशी बोल. फोनवर नको, चाकणला जा, त्याच्या सुट्टीच्या दिवशी, आणि पहिला अर्धा तास फक्त त्याचं ऐक.

अजून एक अटेम्प्ट द्यायचाच असं तुला आतून वाटत असेल तर त्यालाही माझी ना नाही, पण मग तो आज आहे तसा नको. वैकल्पिक विषय पंधरा दिवसात ठरलेला हवा, रोज दोन उत्तरं हाताने लिहून कुणाकडून तरी तपासून घ्यायची, अर्धवेळ काम करून निदान भावाचे पैसे बंद करायचे, आणि थांबायची तारीख कागदावर लिहून भावाला द्यायची, निकालाची वाट न बघता. तीन महिन्यांनी वही उघडून बघायची. पानं भरली असतील तर पुढे जा. नसतील तर तुझं उत्तर तुला मिळालं, मग मला परत लिहायची गरज नाही. मला विचारशील तर माझा कौल सोडण्याकडे आहे, स्पष्टच सांगते, पण वही माझ्यापेक्षा जास्त खरं सांगेल.

बाबांबद्दल मला जास्त काळजी वाटत नाहीये आणि त्याचं कारण तूच दिलंयस. दोन वर्षांपूर्वी मर रोग आणि खोडकिडीने बाग गेली तेव्हा त्यांनी सात वर्षांची दोन एकर झाडं मुळासकट काढली असं तू लिहिलंयस, जेसीबी आला त्या दिवशी ते जेवले नाहीत आणि पुढच्या महिन्यात त्याच रानात मका होता. सात वर्षं वाढवलेलं आपल्या हाताने काढणं म्हणजे काय हे तुझ्या घरात कुणाला समजावून सांगायची गरज आहे असं मला वाटत नाही. आणि डाळिंबाला बहार धरायच्या आधी ताण देतात तेव्हा किती दिवस पाणी तोडायचं ते आधी ठरलेलं असतं, झाड बघून एखाददोन आठवडे इकडेतिकडे, पण कुणी शेतकरी ताण देऊन विसरून जात नाही, झाड मरतं. तुझा ताण सहा वर्षं चाललाय. हे त्यांच्या भाषेत सांगितलंस तर त्यांना लगेच कळेल, कदाचित तुझ्या आधी कळलंही असेल.

चुलत्यांचं सोपं आहे. त्यांनी प्रेमाने केलं, त्यांना सांग की काका, त्या सत्काराचं मला ओझं झालं, आता मी अमुक काम करतोय. ते चार दिवस नाराज होतील. वाटेत विचारणाऱ्यांसाठी एकच वाक्य पाठ कर, "परीक्षा बंद केली, आता शिकवतोय" किंवा जे असेल ते, आणि तेवढंच बोलून पुढे चल, कारणं देत बसू नकोस, कारणं दिली की चर्चा होते.

झोपेचं मात्र पुढे ढकलू नकोस. टेलिमानस म्हणून मानसिक आरोग्यासाठीची सरकारी हेल्पलाइन आहे, 14416, फुकट आहे, दिवसरात्र चालू असते, मराठीत बोलता येतं. रात्री तीनला छताकडे बघत असशील आणि नको ते विचार येत असतील तर तेव्हाच लाव, सकाळची वाट बघू नकोस. हे सगळ्यांनाच सांगतेय, पेठांमधल्या खोल्यांमध्ये शेजारच्या कॉटवर कोण जागं आहे ते आपल्याला माहीत नसतं.

हे वाचणाऱ्या बाकीच्यांसाठी दोन गोष्टी. ज्यांची वही भरतेय, ज्यांना सकाळी उठून खरंच पुस्तकाकडे जावंसं वाटतं, त्यांनी हे वाचून सोडायचं मनात आणू नका, हे उत्तर त्यांच्यासाठी नाही. आणि मुलींची पत्रं येतात त्यांचं गणित थोडं उलटं असतं, मुलांना कुणी थांब म्हणत नाही आणि मुलींना दोन अटेम्प्टनंतरच स्थळं दाखवायला लागतात, त्यांची तारीख दुसऱ्यानेच ठरवलेली असते. त्यांना मी म्हणेन की घरच्यांशी 'अजून थोडा वेळ द्या' असं मोघम बोलू नका, कुठली परीक्षा, कुठल्या महिन्यापर्यंत, आणि तोवर खर्च कसा निघेल हे तिन्ही लिहून समोर ठेवा. मोघम मागितलेला वेळ पहिलं स्थळ आलं की काढून घेतात, असं मी बऱ्याच घरांत पाहिलंय.

गावी कधी जायचं विचारलंयस. दिवाळीला नको, तेव्हा घर भरलेलं असतं आणि प्रत्येक जण विचारणार. आधी जा, साध्या आठवड्यात, स्वारगेटवरून रात्रीची गाडी धर, सकाळी बाबा रानात जातील तेव्हा त्यांच्याबरोबर जा आणि हाताला काम असताना बोल, समोरासमोर खुर्च्या टाकून नको. भावाला बरोबर घेऊन जाता आलं तर फार बरं होईल, त्याला सुट्टी कधी आहे ते आधी विचारून घे.